‘मुंबईत किती पाऊस पडला?’ या प्रश्नाला एकच उत्तर का नसतं

कित्येक दशकं मुंबईचं हवामान म्हणजे दोन ठिकाणांचं हवामान होतं, कुलाबा आणि सांताक्रूझ. कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात उभी राहिली. भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ ची, म्हणजे कुलाबा त्याच्याहून जवळजवळ पन्नास वर्षांनी जुनं. शहराचा आकडा कुलाब्याचा आणि उपनगरांचा सांताक्रूझचा, अशी वाटणी वर्षानुवर्षं चालत आली. आजही पावसाळ्यात संध्याकाळच्या बातम्यांमध्ये आधी हेच दोन आकडे सांगतात.

ही वाटणी किती तोकडी आहे ते २६ जुलै २००५ ला कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला सुमारे ७४ मिलीमीटर. दोन्ही ठिकाणांत अंतर वीस-बावीस किलोमीटरचं. दक्षिण मुंबईत ऑफिसात बसलेल्या लोकांना दुपारी हा नेहमीचाच पाऊस वाटत होता आणि त्याच वेळी कुर्ला, कलिना, साकीनाका पाण्याखाली जात होतं. मधल्या वीस किलोमीटरांत कुठे किती पाऊस पडतोय हे त्या क्षणी सांगू शकेल अशी यंत्रणा शहराकडे नव्हती.

यावरून ‘उपनगरांत जास्त, शहरात कमी’ असा नियम अनेकांनी मनात पक्का केला. पण ५ ऑगस्ट २०२० ला उलटं झालं. त्या चोवीस तासांत कुलाब्याला ३३० मिलीमीटरच्या वर पाऊस झाला आणि सांताक्रूझला त्याच्या निम्म्याच्या आसपास. कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेले. २६ मे २०२५ ला मान्सून मुंबईत आतापर्यंतच्या नोंदींतल्या सर्वांत लवकरच्या तारखेला पोहोचला, तेव्हाही सर्वाधिक झोडपलं गेलं ते दक्षिण टोकच. कुलाब्याच्या मे महिन्याच्या पावसाने १९१८ चा, म्हणजे शंभर वर्षांहून जुना विक्रम मोडला.

सगळ्या मोसमाची बेरीज केली तर जून ते सप्टेंबरमध्ये सांताक्रूझला सरासरी २३०० मिलीमीटरच्या आसपास आणि कुलाब्याला २१०० च्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे चार महिन्यांच्या हिशोबात दोघांत फार तर दहा टक्क्यांचा फरक. एकेका दिवसाच्या हिशोबात मात्र हा फरक दुपटीचा, तिपटीचा, कधी दहापटीहूनही मोठा होतो. मोसमाची सरासरी आपल्याला शांत, एकसारखी मुंबई दाखवते. पाणी तुंबतं ते एकेका दिवसाच्या, खरं तर एकेका तासाच्या पावसाने. म्हणूनच शहरभर विखुरलेल्या स्वयंचलित हवामान केंद्रांची गरज पडली आणि त्यांचे आकडे वाचायचे कसे, हेही आपल्याला शिकावं लागतं.

गच्चीवरचा तो खांब

२००५ च्या पुरानंतर महापालिकेने शहरभर स्वयंचलित केंद्रं बसवायला सुरुवात केली. ही संख्या पुढे ६० झाली आणि अलीकडच्या वर्षांत तिच्यात आणखी भर पडली. बहुतेक केंद्रं अग्निशमन दलाची ठाणी, वॉर्ड ऑफिसं, पंपिंग स्टेशनं, शाळा अशा इमारतींवर आहेत. महापालिकेची हद्द साधारण साडेचारशे चौरस किलोमीटरची. साठ केंद्रं धरली तरी एका केंद्राच्या वाट्याला सात-आठ चौरस किलोमीटर येतात. मुंबईत धो-धो कोसळणारा ढग अनेकदा काही किलोमीटरच रुंद असतो. त्यामुळे दोन केंद्रांच्या मधून एखादी मोठी सर निसटून जाऊ शकते. हवेत किती पाणी आहे त्याचा अंदाज डॉप्लर रडार देतं. मुंबईत एक रडार कुलाब्याला आहे आणि दुसरं २०२२ पासून वेरावलीला. पण जमिनीवर प्रत्यक्ष किती मिलीमीटर पडले हे सांगण्यासाठी पर्जन्यमापकच लागतो आणि रडारचा अंदाजही त्याच्याशीच ताडून पाहावा लागतो.

अशा केंद्रात एक खांब असतो. त्यावर वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या फिरत्या वाट्या, दिशा दाखवणारं पातं, पांढऱ्या थाळ्यांच्या चवडीत सावलीला ठेवलेला तापमानाचा आणि आर्द्रतेचा सेन्सर, कुठे वायुदाबाचं यंत्र. बाजूला बॅटरी, सौर पॅनेल, नोंदी साठवणारा डबा आणि सिमकार्ड घातलेला मोडेम. ठरावीक मिनिटांनी मोडेम आकडे नियंत्रण कक्षाकडे पाठवतो. महापालिकेच्या केंद्रांच्या बाबतीत हे साधारण पंधरा मिनिटांनी होतं.

यातलं सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत नाजूक यंत्र म्हणजे पर्जन्यमापक. वरून पाहिलं तर ते एक नळकांडं, आत नरसाळं. नरसाळ्याच्या खाली एक छोटी दुकप्पी पन्हळ मधोमध टेकलेली असते, बागेतल्या सी-सॉसारखी. पाऊस एका कप्प्यात साठतो, तो भरला की पन्हळ त्या बाजूला कलंडते, पाणी खाली सांडतं आणि दुसरा कप्पा नरसाळ्याखाली येतो. प्रत्येक कलंडण्यागणिक एक चुंबक स्विचजवळून जातो आणि एक टिचकी नोंदली जाते. एका टिचकीची किंमत ठरलेली असते, कुठे ०.२ मिलीमीटर, कुठे ०.५. नरसाळ्याचं तोंड २०० चौरस सेंटीमीटरचं असेल तर ०.५ मिलीमीटर म्हणजे बरोबर १० मिलीलीटर पाणी. म्हणजे पावसाळ्यात आपण ज्या आकड्यांवरून शाळांना सुट्टी द्यायची की नाही ते ठरवतो, ते आकडे दोन चमचे पाण्याच्या हिशोबावर उभे असतात.

आता जोर वाढला की काय होतं ते पाहा. ताशी १०० मिलीमीटरचा पाऊस आणि ०.२ मिलीमीटरची टिचकी, म्हणजे तासाला ५०० टिचक्या, साधारण सात सेकंदांना एक. कलंडण्याला सेकंदाचा काही भाग लागतो आणि तेवढ्या वेळात पडणारं पाणी आधीच भरलेल्या कप्प्यात जाऊन सांडतं. ते मोजलंच जात नाही. पाऊस जितका मुसळधार तितकी ही गळती जास्त. त्यामुळे अशा प्रकारचा मापक सर्वांत भीषण पावसातच थोडा कमी आकडा दाखवतो. ही तूट काही टक्क्यांची असते. वेगवेगळ्या जोराने पाणी सोडून मापकाची आधी तपासणी केली असेल तर ती आकडेमोडीने भरूनही काढता येते. पण त्यासाठी ती तपासणी केलेली असावी लागते आणि तिची नोंद विश्लेषकाच्या हाती असावी लागते.

आकडा आला, पण तो पावसाचाच आहे का?

मुंबईत या यंत्राला आणखी शत्रू आहेत. कबुतरं आणि कावळे नरसाळ्याच्या कडेवर बसतात. विष्ठा, पिसं, पिंपळाची पानं, बाजूच्या बांधकामाची धूळ नरसाळ्यात जमते आणि भोक अर्धवट बुजतं. अशा मापकाच्या नोंदीत एक खूण उमटते आणि एकदा ओळखता आली की ती लगेच डोळ्यात भरते. समजा, दुपारी दोन ते तीनमध्ये जोरदार सर आली. शेजारच्या केंद्रांनी पंधरा-पंधरा मिनिटांना १८, २२, १५, ९ मिलीमीटर असे वरखाली आकडे दिले आणि तीननंतर शून्य. आपल्या केंद्राने मात्र दिले ३, ३, ३, ३, आणि पाऊस थांबल्यावरही संध्याकाळपर्यंत ३, ३, ३. पाणी नरसाळ्यात तुंबलंय आणि बुजलेल्या भोकातून संथ झिरपतंय. दिवसाची बेरीज कदाचित बरोबर निघेलही, पण ‘एका तासात किती’ या प्रश्नाचं उत्तर पार चुकलेलं असतं. पूर्ण बुजलं तर बेरीजही गेली, कारण पाणी कडेवरून बाहेर वाहून जातं.

म्हणून विश्लेषणाचं पहिलं काम असतं आकड्यांची झडती. शक्यतेच्या बाहेरचा आकडा आहे का, हे आधी बघायचं. मुंबईत तापमान ५८ अंश दिसलं तर सेन्सर बिघडलाय. मग उडी बघायची. पंधरा मिनिटांत तापमान बारा अंशांनी खाली आलं तर ते वळवाच्या सरीमुळे की वायर सैल झाल्यामुळे? सर आली असेल तर आर्द्रता वाढलेली दिसेल, वाऱ्याचा झोतही दिसेल. एकटंच तापमान हललं असेल तर संशय वायरवर. तिसरी तपासणी न हलणाऱ्या आकड्यांची. मुंबईच्या जुलैमध्ये आर्द्रता तासन्‌तास १०० वर राहू शकते, पण वाऱ्याचा वेग सहा तास अगदी ०.०? बहुधा वाट्यांचं बेअरिंग अडकलंय. आणि सर्वांत उपयोगी तपासणी शेजाऱ्यांशी तुलना करण्याची. पाऊस स्थानिक असतो हे मान्य, तरी दादरच्या चारही बाजूंना पाऊण-एक तास जोरदार पाऊस आणि दादरला टिपूसही नाही, असं वारंवार दिसत असेल तर गच्चीवर जाऊन बघायलाच हवं.

शून्य आणि रिकामी जागा यांतला फरक इथे कळीचा आहे. समजा, तीन केंद्रांपैकी एकाने ८० मिलीमीटर दिले, दुसऱ्याने ९०, तिसऱ्याची वीज गेली म्हणून काहीच आलं नाही. संगणकाने त्या रिकाम्या जागेला शून्य धरलं तर सरासरी ५७ च्या आत येते. ती जागा वगळली तर सरासरी ८५. आणि केंद्रं बंद पडतात तरी कधी? वीज, मोबाइल नेटवर्क, बॅटरी, सगळं दगा देतं ते अतिवृष्टीच्याच दिवशी. म्हणजे अशी चूक वर्षभर विखुरलेली नसते, ती नेमकी मोठ्या पावसाच्या दिवसांवर येऊन बसते. ज्या नोंदींच्या आधारे नाले किती रुंद करायचे ते ठरणार, त्यांतच ही खोट राहिली तर पुढचा सगळा हिशोब कमी पावसाचा होतो. कोणतीही फाइल हातात आली की पहिल्यांदा ‘इथे शून्य म्हणजे पाऊस नाही, की नोंद नाही?’ हेच विचारलं पाहिजे असं मला ठामपणे वाटतं.

दिवस कधी सुरू होतो, हाही प्रश्न आहेच. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा असतो. महापालिकेच्या रोजच्या अहवालात तो बहुधा सकाळी आठ ते आठ असतो. आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात तो मध्यरात्रीपासूनचा असतो. पहाटे चार ते सकाळी दहा असा पाऊस झाला तर साडेआठच्या रेषेने त्याचे दोन तुकडे पडतात आणि दोन मध्यम दिवस तयार होतात. हवामान विभागाच्या वर्गवारीत ६४.५ मिलीमीटरपासून ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.४ च्या वर ‘अतिवृष्टी’. सहा तासांत १६० मिलीमीटर पडूनही तो पाऊस ८० आणि ८० असा विभागला गेला तर कागदावर दोन्ही दिवस फक्त ‘जोरदार’. पंधरा मिनिटांच्या नोंदी हाताशी असतील तर ही रेषा आपण हवी तिथे सरकवू शकतो. जुन्या, दिवसातून एकदा हाताने घेतलेल्या नोंदींत ती सोय नव्हती.

एका तासाचा पाऊस

एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. चौरस किलोमीटरला दहा लाख लिटर. तासाला ५० मिलीमीटर म्हणजे त्या एका चौरस किलोमीटरवर तासात पाच कोटी लिटर. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलीमीटर पाऊस आणि त्यातलं निम्मं पाणी जमिनीत मुरेल या गृहीतकावर बांधलेली होती. १९९३ मध्ये आलेल्या, मुंबईतल्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ही क्षमता ताशी ५० मिलीमीटरपर्यंत न्यायला सांगितलं आणि पाणी मुरण्याचा भरवसाही सोडायला सांगितला, कारण डांबर, काँक्रीट आणि फरशीत मुरणार तरी किती?

म्हणून ‘आज १२० मिलीमीटर’ या आकड्याने फारसं काही कळत नाही. १२० मिलीमीटर चोवीस तासांत सारखे पडले तर ताशी पाच, जुन्या नळांतूनही निमूट वाहून जातील. त्यातले ९० एका तासात पडले तर ५० मिलीमीटरची नवी व्यवस्थाही पुरत नाही आणि हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही नेहमीची नावं ऐकू येतात. त्यात भरतीची वेळ जुळली तर आणखी कठीण. साडेचार मीटरच्या वर भरती असली की अनेक नाल्यांची तोंडं समुद्रपातळीच्या खाली जातात आणि पाणी उलटं आत येऊ नये म्हणून दारं बंद ठेवावी लागतात. मग हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, ब्रिटानिया इथल्या पंपांवरच भिस्त.

स्वयंचलित केंद्रांचं मोल मला इथे सर्वांत जास्त वाटतं. एका वॉर्डातल्या केंद्राच्या दहा पावसाळ्यांच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदी घ्या. त्यांतून कोणत्याही सलग साठ मिनिटांतली सर्वांत मोठी बेरीज दर वर्षी किती होती ते काढा. ती ५० च्या पुढे किती वेळा गेली, आणि त्या वेळी भरती किती होती, हे वेळापत्रकाशी जुळवा. अवघड गणित यात काहीही नाही. पण एवढं केलं तरी त्या वॉर्डात नाला रुंद करण्याने भागेल की पंप लागेल, की पाणी तात्पुरतं साठवणारी भूमिगत टाकी लागेल, या चर्चेला पाया मिळतो. हिंदमाता भागात अशा साठवण टाक्यांचा मार्ग महापालिकेने घेतला तो याच अडचणीतून, कारण सखल भाग, जोरदार सर आणि भरती एकत्र आली की पाण्याला तिथून जायला वाटच उरत नाही.

सरासरी काढायची तर कोणाला किती वजन?

महापालिका रोज तीन सरासऱ्या देते, शहर, पूर्व उपनगरं आणि पश्चिम उपनगरं. साधी सरासरी म्हणजे सगळ्या केंद्रांची बेरीज भागिले केंद्रांची संख्या. केंद्रं सारख्या अंतरावर असती तर हे ठीक होतं. पण समजा दादरला ४० मिलीमीटर, परळला ४४ आणि बोरिवलीला १२०. साधी सरासरी ६८. आता दादर आणि परळ एकमेकांना खेटून आहेत आणि बोरिवलीचं केंद्र एकटंच मोठ्या भागाचं प्रतिनिधित्व करतंय. नकाशावर प्रत्येक ठिकाण त्याच्या सर्वांत जवळच्या केंद्राला देऊन टाका. बोरिवलीच्या वाट्याला निम्मं क्षेत्र आलं आणि उरलेल्या दोघांना एकेक चतकोर, असं धरलं तर सरासरी ८१ निघते. ही थीसनची पद्धत, शंभरहून जास्त वर्षं जुनी आणि आजही वापरात. तीत डोंगर, खाडी, समुद्र यांचा विचार नाही, ही तिची मर्यादा. नवीन पद्धती तोही करतात. पण मुंबईसारख्या ठिकाणी या सगळ्या पद्धतींहून ‘सरासरीबरोबर सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडाही द्या’ ही साधी मागणी मला जास्त उपयोगाची वाटते.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करायला हवा. मुंबईतल्या केंद्रांवर कितीही पाऊस दिसला तरी पिण्याच्या पाण्याची चिंता त्याने फारशी मिटत नाही. सात तलावांपैकी फक्त विहार आणि तुळशी शहराच्या हद्दीत आहेत आणि ते लहान आहेत. भातसा, तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा हे ठाणे, पालघर आणि नाशिककडच्या डोंगरांतल्या पावसावर भरतात.

खारा वारा कधी पोहोचला?

केंद्रं फक्त पावसासाठी नसतात. मार्चमधला एक कोरडा दिवस घ्या. सकाळी वारा जमिनीकडून, पूर्वेकडून येतोय. तापमान चढत जातं, २८, ३०, ३२. मग अकरा-बाराच्या सुमाराला नोंदीत एका ओळीत तीन गोष्टी एकदम बदलतात. वाऱ्याची दिशा पूर्वेची पश्चिम किंवा वायव्य होते, आर्द्रता झपकन वाढते आणि तापमानाची चढण थांबते. खारा वारा आला. हीच घटना किनाऱ्याजवळच्या केंद्रांवर आधी दिसते, भांडुप-मुलुंडकडे उशिरा. पूर्वेचा वारा जोरात असेल तर तो खाऱ्या वाऱ्याला समुद्रावरच थोपवून धरतो. त्या दिवशी दोन-तीन तासांचा उशीर होतो आणि सांताक्रूझचा पारा ३८, ३९ च्या पुढे निघतो. किनारपट्टीवर कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल तर उष्णतेची लाट धरतात. मुंबईतल्या मार्चच्या लाटांच्या मुळाशी बहुतेक वेळा हा उशिराचा खारा वारा असतो. दिवसाचं कमाल तापमान एवढाच आकडा बघणाऱ्याला हे कारण कधीच कळणार नाही. पंधरा मिनिटांच्या नोंदींत ते उघड दिसतं.

वाऱ्याच्या दिशेची सरासरी काढताना एक सापळा आहे. दिशा अंशांत मोजतात, उत्तर म्हणजे शून्य किंवा ३६०. एक नोंद ३५० अंश, दुसरी १० अंश, दोन्ही जवळजवळ उत्तरेच्या. साधी सरासरी १८० अंश, म्हणजे थेट दक्षिण! हिवाळ्यात मुंबईत उत्तरेकडचे वारे असतात, तेव्हा हा घोटाळा हमखास होतो. म्हणून प्रत्येक नोंदीचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन भाग करून त्यांची वेगवेगळी सरासरी काढतात आणि मग दिशा परत जोडतात.

जानेवारीच्या रात्रींचं चित्र वेगळं असतं. कुलाबा तीन बाजूंनी पाण्याने वेढलेलं, रात्री ते लवकर थंड होत नाही. सांताक्रूझला किमान तापमान त्याहून कित्येकदा तीन-चार अंशांनी खाली असतं आणि आरे, पवई, बोरिवलीच्या जंगलाच्या कडेला आणखी खाली. झाडी, मोकळी जमीन आणि दाट वस्ती यांतला फरक मोजायचा तर वारा पडलेल्या अशाच निरभ्र रात्री निवडाव्यात.

पण इथे केंद्र नेमकं कशावर उभं आहे ते माहीत असावं लागतं. जागतिक हवामान संघटनेच्या शिफारशीनुसार तापमान जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, गवताळ मोकळ्या जागी मोजायचं. वारा दहा मीटरवर आणि आजूबाजूचे अडथळे त्यांच्या उंचीच्या दहापट दूर. मुंबईत अशी जागा शोधूनही मिळत नाही. चारमजली वॉर्ड ऑफिसच्या गच्चीवरचा सेन्सर दिवसभर तापलेल्या स्लॅबची ऊब मोजतो. बाजूला चाळीसमजली टॉवर उभा राहिला तर पश्चिमेचा वारा त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही आणि तिरका पाऊसही नरसाळ्यात कमी पडतो. असा आकडा टाकून द्यायचा नसतो. शहरातली माणसं त्याच तापलेल्या गच्च्यांखाली राहतात, तेव्हा त्यांच्यासाठी तो महत्त्वाचाच आहे. फक्त त्याची तुलना विमानतळाजवळच्या मोकळ्या जागेवरच्या आकड्याशी करून ‘या वॉर्डात दोन अंश जास्त उष्णता’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

हवामान म्हणायचं तर तीस वर्षं

प्रदेशाचं हवामान ठरवायला निदान तीस वर्षांची सरासरी धरतात, सध्या १९९१ ते २०२० ची. महापालिकेची सर्वांत जुनी स्वयंचलित केंद्रंही अजून तेवढी म्हातारी नाहीत. त्यामुळे ‘आमच्या वॉर्डातला पाऊस वाढतोय’ हे फक्त त्यांच्या नोंदींवरून सिद्ध होत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मध्य भारतातल्या व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून सुमारे तिपटीने वाढल्याचं दाखवलं, ते साठाहून अधिक वर्षांच्या नोंदींच्या जोरावर. मुंबईसाठी मार्ग असा की लांब पल्ल्याचा कल कुलाबा आणि सांताक्रूझच्या जुन्या नोंदींतून घ्यायचा आणि त्या कलाचं वॉर्डावॉर्डातलं रूप नव्या केंद्रांतून बघायचं.

जुनी आणि नवी नोंद जोडायची कशी, याचा एक उत्तम धडा मुंबईच्याच इतिहासात आहे. कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहामुळे चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड होतं. म्हणून अलिबागला नवी वेधशाळा उभारली. पण कुलाब्याचं काम लगेच बंद केलं नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, दोन ठिकाणांतला फरक नक्की केला आणि मगच कुलाब्याची मालिका अलिबागला सोपवली. त्यामुळे ती मालिका आजही अखंड मानली जाते.

आज एखाद्या वॉर्ड ऑफिसची जुनी इमारत पाडली की तिथलं केंद्र दुसऱ्या गच्चीवर जातं. मापक बदलला की टिचकी ०.५ ची ०.२ होते. हे कुठे लिहून ठेवलं नसेल तर दहा वर्षांनी कोणी तरी आलेख काढेल, त्यात एक पायरी दिसेल आणि ती हवामानबदल समजली जाईल. म्हणून प्रत्येक केंद्राचं चरित्र हवं. नेमकी जागा, जमिनीपासूनची उंची, चारही दिशांचे फोटो, मापकाचा प्रकार, शेवटची तपासणी कधी झाली, कधी हलवलं आणि हलवताना जुन्या-नव्या जागी एकत्र नोंदी घेतल्या का. ताजे आकडे आपल्याला पावसाळ्यात मोबाइलवर दिसतात, तसे मागच्या सगळ्या वर्षांचे आकडे या चरित्रासकट कोणालाही सहज उतरवून घेता यायला हवेत. मुंबईत भूगोल शिकवणारी कितीतरी महाविद्यालयं आहेत आणि बहुतेकांच्या चालण्याच्या अंतरावर एखादं केंद्र आहे. महापालिकेची परवानगी काढून, टेप, होकायंत्र आणि फोनचा कॅमेरा घेऊन गच्चीवर गेलं तर एका केंद्राची ही माहिती एका दुपारात तयार होते. दरवर्षी मेमध्ये, नरसाळी साफ करायला माणूस वर जातो त्याच वेळी, ती ताजी करून घेता येईल.